मदत हवी आहे: मूळ मेकफाइलला हात न लावता अहिराणी शब्दसूची इन्स्टॉल करायची आहे

प्रश्न (जळगाव)

राम राम मंडळी. एका मुक्त स्रोत शुद्धलेखन तपासनिसात अहिराणी शब्दसूची जोडतोय. मूळ मेकफाइल (‘मेक’ या बिल्ड प्रोग्रॅमच्या नियमांची फाइल) बदलली की गिट पुलच्या वेळी, म्हणजे मूळ प्रकल्पातले नवे बदल आणताना, कॉन्फ्लिक्ट येतो. तिच्या शेवटच्या ओळीत ‘-इन्क्लूड लोकल.एमके’ आहे (लोकल.एमके असेल तर तीही वाच, असा अर्थ), म्हणून सूची कॉपी करणारा ‘इन्स्टॉल:’ नियम त्या फाइलीत लिहिला. आता ‘ओव्हररायडिंग रेसिपी’ अशी वॉर्निंग येते, सूची जागेवर पडते, पण खुद्द प्रोग्रॅम इन्स्टॉल होत नाही. जीएनयू मेक ४.३ आहे. दोन्ही कामं एकाच ‘मेक इन्स्टॉल’मध्ये कशी होतील?

उत्तर (धुळे)

भाऊ, एका कोलनच्या टार्गेटला (कोलनच्या डावीकडचं नाव) रेसिपी (त्याखालच्या कमांड) एकच असते. दोनदा लिहिली तर नंतरची चालते. लोकल.एमके शेवटी वाचली जाते, म्हणून तुमची टिकली आणि मूळची गेली. प्रीरिक्विझिट (कोलनच्या उजवीकडची, आधी व्हायची कामं) मात्र कितीही ठिकाणी लिहा, मेक ती एकत्र करतं. लोकल.एमकेत ‘इन्स्टॉल: अहिराणी-इन्स्टॉल’ एवढीच ओळ ठेवा, खाली रेसिपी नको. कॉपीचं काम अहिराणी-इन्स्टॉलखाली न्या आणि ते टार्गेट .फोनी करा, म्हणजे ते फाइलीचं नाही, नुसत्या कामाचं नाव आहे हे मेकला कळेल.

मेख अशी की प्रीरिक्विझिट मूळ रेसिपीच्या आधी चालते. तेव्हा फोल्डर तयार नसेल, म्हणून आधी ‘इन्स्टॉल -डी’ने तो बनवा. जिथे कॉपी करायचं त्या प्रत्येक पाथच्या सुरुवातीला $(डेस्टडिर) (पॅकेज बनवणारा देतो तो तात्पुरता फोल्डर) हवाच, नाहीतर पॅकेज बनवताना सूची बिल्ड मशीनच्याच यूएसआरमध्ये जाऊन बसेल.

उत्तर (भुसावळ)

वरचं बरोबर. डबल कोलनच्या (‘::’) नादी लागू नका, मूळ नियमही डबल कोलनचा नसेल तर मेक एरर देऊन थांबतं.

सूचीचं काम नंतरच व्हायला हवं असेल तर मूळ प्रकल्पाला छोटा पॅच पाठवा: इन्स्टॉलच्या रेसिपीत शेवटची ओळ $(पोस्ट_इन्स्टॉल), आणि त्या व्हेरिएबलात आपली कमांड लोकल.एमकेत भरा. रेसिपीतलं व्हेरिएबल रेसिपी चालताना उलगडतं, त्यामुळे इन्क्लूड तळाशी असलं तरी चालतं. तेच प्रीरिक्विझिटच्या यादीत घातलं तर ओळ वाचतानाच उलगडतं आणि रिकामं निघतं. त्यासाठी इन्क्लूड वर नेलंत तर लोकल.एमकेतलं पहिलं टार्गेट डिफॉल्ट (नुसतं ‘मेक’ म्हटल्यावर चालणारं) होऊन बसेल, मग ‘.डिफॉल्ट_गोल := ऑल’ लिहावं लागतं.

ऑटोमेकच्या (मेकफाइल तयार करून देणारं साधन) प्रकल्पात ही सोय आयतीच आहे. ‘इन्स्टॉल-डेटा-हुक’ मूळ कामानंतर चालतो, ‘इन्स्टॉल-डेटा-लोकल’च्या क्रमाची हमी नाही. डेस्टडिर दोन्हीकडे स्वतःच लिहायचा.

आणि हे नियम व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी करू नका. टॅबच्या जागी स्पेस आल्या की ‘मिसिंग सेपरेटर’ येतो. बदल केल्यावर आधी ‘मेक -एन इन्स्टॉल’ चालवा, कोणती कमांड कोणत्या क्रमाने जाणार ते दिसेल.