वाचनं वाढवली म्हणजे सगळ्या चुका जातात असं नाही

नॅनोपोअर यंत्र डीएनएचा धागा बारीक छिद्रातून सरकवतं आणि विद्युतप्रवाहावरून त्याची अक्षरं (ए, टी, जी, सी) ओळखतं; एकाच तुकड्याची अशी भरपूर वाचनं घेतली की बहुमतात चुका आपोआप गळतात, असं म्हटलं जातं. अर्धंच खरं. कुठेही, कशीही पडणारी चूक बहुमतात बुडते. पण नॅनोपोअरची खरी डोकेदुखी वेगळी आहे. एकच अक्षर ओळीने सहा-सात वेळा आलं की छिद्रातला विद्युतप्रवाह जवळपास बदलतच नाही आणि यंत्राला एखादं अक्षर कमी मोजायची खोड लागते. ती खोड सगळ्याच वाचनांत असेल तर हजार घ्या, बहुमत चुकीच्याच बाजूने. आर१० प्रकारच्या फ्लोसेलमधल्या (यंत्रात बसणाऱ्या, छिद्रं असलेल्या पट्टीतल्या) छिद्राला अक्षरं वाचणाऱ्या दोन अरुंद जागा आहेत, त्यामुळे हे बरंच कमी झालंय, संपलेलं नाही.

यावर एक फुकटातला उपाय आहे. मासळीची जात ओळखायला आपण सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या) जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचतो, आणि तो प्रथिनं बनवणारा आहे. तीन-तीन अक्षरांचे गट पाडून अमिनो आम्लं काढा. एक अक्षर गळलं असेल तर पुढची सगळी चौकट सरकते आणि बहुतेक वेळा मध्येच थांबा-संकेत (प्रथिन इथे संपलं असं सांगणारा गट) उगवतो. हर्णैच्या लिलावातली मुडदुशी असो की बांगडा, आम्ही हे केल्याशिवाय नाव लावत नाही. फक्त संकेतसारणी (कोणत्या गटाचं कोणतं अमिनो आम्ल ते सांगणारा तक्ता) माशांसाठी पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाची घ्या. नेहमीच्या सारणीत टीजीए म्हणजे थांबा, इथे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. नाहीतर चांगल्या वाचनालाच नावं ठेवत बसाल. कोळंबी-खेकड्यांना अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाची सारणी. त्यांच्यात कधीकधी मायटोकॉन्ड्रियातून पेशीच्या केंद्रकात जाऊन बसलेली या जनुकाची जुनी नक्कलही वाचली जाते. तिथला थांबा खराच असतो, यंत्राचा दोष नव्हे.