एर्गोस्टेरॉल हे 'जैवसूचक' की 'जैवचिन्हक'? आणि कवक 'मोजलं' म्हणावं का?

प्रश्न: मृदाविज्ञानावरचा एक लेख मराठीत लिहितोय. एर्गोस्टेरॉल या रेणूवरून मातीत बुरशी किती आहे हे काढतात, त्याबद्दलचा. अशा रेणूला 'जैवसूचक' म्हणावं का? 'बुरशीचं वजन मोजलं' हे चालेल?

प्रतिसाद: 'जैवसूचक' नको. तो शब्द दगडफुलासारख्या सजीवांसाठी राहू द्यावा. ते दिसेनासं झालं की हवा बिघडली असं समजतात. इथे सजीवाच्या पेशीपटलातला रेणू आहे, म्हणून 'जैवचिन्हक'. 'बुरशी'ऐवजी 'कवक' घ्या. बुरशी म्हटलं की शिळ्या भाकरीवरची लव आठवते, मातीत पसरलेले तंतू नाही.

'मोजलं' मात्र खटकतं. मोजतात ते फक्त एर्गोस्टेरॉल. माती अल्कोहोलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवायची, हेक्झेन या द्रावकात एर्गोस्टेरॉल ओढून घ्यायचं आणि एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) 282 नॅनोमीटर तरंगलांबीला वाचायचं. पुढचं सगळं गणित. समजा, ग्रॅमभर मातीत 2 मायक्रोग्रॅम निघालं. ग्रॅमभर सुक्या कवकात ते 4 मिलिग्रॅम असतं असं धरलं, तर त्या मातीत कवक 0.5 मिलिग्रॅम. 3 धरलं तर 0.67, 5 धरलं तर 0.4. प्रजाती आणि वाढीची अवस्था बदलली की हे प्रमाण बदलतं. तेव्हा 'अंदाज काढला' असंच लिहा.

दुसरा प्रतिसाद: सहमत. लेख शेतकरी वाचणार असतील तर एक गोष्ट आवर्जून घाला. आपल्याकडे 'व्हॅम' म्हणून जी मायकोरायझाची (पिकांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांची) खतं विकली जातात, त्या कवकांत एर्गोस्टेरॉल जवळजवळ नसतंच. ज्वारी, तूर, ऊस यांच्या मुळांत हीच कवकं राहतात. व्हॅम टाकून एर्गोस्टेरॉल वाढलं नाही, म्हणून खत फुकट गेलं असा अर्थ कुणी काढू नये. त्यांच्यासाठी 16:1ω5 हे मेदाम्ल पाहतात.

प्रश्नकर्ता: लेखात कायटिनपासून (कवकांच्या पेशीभित्तिकेतला पदार्थ) मिळणाऱ्या ग्लुकोसामाइनचाही उल्लेख आहे. त्यावरून काढलेल्या आकड्यालाही 'जैवभार' (जिवंत कवकांचं वजन) म्हणू?

प्रतिसाद: सरळ म्हणू नका. ग्लुकोसामाइन मेलेल्या तंतूंतही टिकून राहतं, किड्यांच्या कवचातून येतं, जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतही असतं. जिवाणूंचा वाटा म्युरामिक आम्लावरून (हे जिवाणूंच्याच पेशीभित्तिकेत असतं) वजा करतात, तरी उरतं त्यात मृत कवकच जास्त. 'कवकांचे अवशेष' म्हणा.

प्रश्नकर्ता: मग वाक्य असं करतो: 'एर्गोस्टेरॉल या जैवचिन्हकावरून मातीतल्या कवकांच्या जैवभाराचा अंदाज काढला.'

प्रतिसाद: उत्तम. कोणता रूपांतर गुणांक (ग्रॅमभर सुक्या कवकात किती मिलिग्रॅम एर्गोस्टेरॉल) धरला तेही त्याच परिच्छेदात द्या, म्हणजे वाचकाला आकडा स्वतः पडताळता येईल.