शब्दचर्चा: गिटारच्या बाजूंना आतून लावतात त्या ‘लायनिंग’ला मराठीत काय म्हणावं?

ओसरी

हाताने गिटार बनवण्याच्या कामावर मराठीत टिपण लिहिते आहे. बऱ्याच भागांची नावं सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांकडून आयतीच मिळाली: वरच्या पातळ फळीला तबली, ब्रिजला घोडी, फ्रेटला पडदा, तारा पिळायच्या त्या खुंट्या. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हे शब्द दिवसभर कानावर पडतात, तेव्हा गिटारसाठी नवे घडवायचं कारण नाही.

अडलं ते ‘लायनिंग’पाशी. सतारीला भोपळा असतो, वाकवून जोडलेल्या बाजू नसतात, त्यामुळे हा शब्द तिकडून मिळत नाही. वस्तू अशी: गिटारची बाजू जेमतेम दोन-सव्वादोन मिलिमीटर जाड. तिच्या कडेवर एकीकडून तबली आणि दुसरीकडून पाठ चिकटवायची. एवढ्याशा कडेवर सरस धरणार किती? म्हणून दोन्ही कडांना लागून आतून लाकडाची पट्टी फिरवतात, साधारण ६-७ मिमी जाड आणि १५ ते १८ मिमी रुंद. आता चिकटवायला चौपट जागा मिळते. सध्या ‘अस्तर’ लिहिलं आहे, पण मन राजी होत नाही.

काठपदर

अस्तर नकोच. अस्तर म्हणजे आतली सगळी बाजू झाकणारा दुसरा थर. ब्लाउजचं घ्या, कोटाचं घ्या, पिशवीचं घ्या. नुसत्या कडेला लावलेल्याला अस्तर म्हणत नाहीत. ‘गिटारच्या बाजूंना अस्तर लावा’ असं वाचून नवशिका माणूस खालपासून वरपर्यंत आतून लाकूड चिकटवत बसेल. शिवणकामातूनच घ्यायचा तर ‘गोट’ घ्या. परकराच्या, दुलईच्या कडेला लागतो तो.

रंधा-पटाशी

काठपदर, अस्तराबद्दल तुमचं शंभर टक्के पटलं. उलट अस्तर हा शब्द राखूनच ठेवायला हवा, कारण काही कारागीर बाजू दुहेरी करतात: बाहेर शिसवी, आत दुसऱ्या लाकडाचा पातळ थर, सगळीकडून चिकटवलेला. ते खरं अस्तर.

पण गोट इथे देऊ नका, कारण गिटारला गोट वेगळा असतो आणि तो बाहेरून असतो. ज्याला बाइंडिंग म्हणतात ते. तबली आणि पाठ चिकटवून झाल्या की बाहेरचा कोपरा राउटरने (फिरत्या पात्याच्या यंत्राने) खाचतात आणि त्यात लाकडाची नाहीतर प्लॅस्टिकची बारीक पट्टी बसवतात. ही खाच साधारण दोन मिमी खोल जाते. बाजूची जाडी तेवढीच! म्हणजे कोपऱ्यावर मूळ बाजू जवळजवळ संपते आणि तबलीला धरून ठेवायला उरते ती आतली पट्टी. गिटारचा गोट त्या पट्टीच्या भरवशावर बसतो. दोघांना एकच शब्द दिला तर हे वाक्य लिहिताच येणार नाही.

दुरुस्तीच्या कामात ही पट्टी रोज हाताखालून जाते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. नाव ठरवताना तिचे प्रकार वेगळे सांगता आले पाहिजेत.

सगळ्यात जास्त दिसते ती करवतीने काप दिलेली. साधारण ६ मिमीच्या अंतराने आडवे काप, पार आरपार नाही, पट्टीच्या पाठीला मिलिमीटरभर लाकूड शिल्लक. तेवढ्या पातळ पाठीवर पट्टी वाकते. काप गिटारच्या पोटाकडे तोंड करून राहतात. वरच्या आणि खालच्या फुगीर भागात पट्टी वळवली की कापांची तोंडं मिटतात आणि कमरेपाशी उलट पंख्यासारखी उघडतात. पट्टी तुटते ती बहुतेक याच जागी. म्हणून कमरेत येणाऱ्या भागाची पाठ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, लाकूड हट्टी असेल तर गरम नळीवर हलकेच वळवावं, आणि मगच सरस लावावा. धरून ठेवायला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, त्यांच्या जबड्यावर रबरबँडचे वेढे, आणि चिमट्याला चिमटा लागेल इतके जवळजवळ. मध्ये अंतर पडलं तर तिथे सांध्यात फट राहते आणि गिटारची पाठ बसल्यावर ती दिसतही नाही. पाच-सात वर्षांनी एखादा स्वर वाजवला की आत कुठेतरी झर्रर्र होतं, तेव्हा ती फट सापडते. बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत गेलं की सुटलेल्या जागी आवाज पोकळ येतो.

दुसरा प्रकार तीच पट्टी उलटी लावायची: कापांची तोंडं बाजूकडे, सलग पाठ पोटाकडे. बाजू, पट्टीची पाठ आणि मधले दाते मिळून चांगली ताठ कड तयार होते. तिसरा प्रकार काप नसलेली सलग पट्टी, पातळ पापुद्रे वाकवून एकावर एक चिकटवलेली. मेहनत फार, पण काम देखणं.

माझं मत: ‘काठपट्टी’ म्हणा. भांड्याला काठ असतो, लुगड्याला काठ असतो, बाजूला वर-खाली काठच असतो. मग काप दिलेली ती दातेरी काठपट्टी, उलटी लावलेली ती उलटी दातेरी, तिसरी सलग काठपट्टी.

तबलीवाला

‘जोडपट्टी’ का नको? काम तर जोडायचंच आहे.

रंधा-पटाशी

तो शब्द दुसऱ्या जागी लागतो. गिटारची पाठ दोन फाळक्यांची असते, मधोमध सांधा. त्या सांध्यावर आतून जी लांब पट्टी चिकटवतात ती जोडपट्टी. आवाजाच्या भोकातून डोकावलं की समोरच दिसते.

दूरदेशी

इतर भाषांनी काय केलं आहे ते इथे उपयोगी पडेल. फ्रेंचमध्ये हिला ‘काँत्रएक्लीस’ म्हणतात आणि इटालियनमध्ये ‘कोंत्रोफाशे’. दोन्हींचा रोख एकच: बाजूला आतून भिडून असलेली. जर्मन ‘रायफ्शन’ म्हणजे छोटं कडं. यातल्या कुणालाही कापडाचं अस्तर आठवलेलं नाही. आपण इंग्रजीवरूनच शब्द शोधायला बसतो म्हणून अस्तरापाशी येतो. वस्तू हातात घेऊन शोधला तर काठ, कडं, लगत अशा बाजूला मन जातं.

आणखी एक प्रकार राहिला. आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) यांच्या हातून ज्या गिटारची घडण पक्की झाली, त्या स्पॅनिश पद्धतीत तबली खाली पालथी ठेवतात आणि तिच्यावर बाजू उभ्या करतात. खाली किंचित खोलगट पाट असतो, त्याला ‘सोलेरा’ म्हणतात. तबली त्या खोलीत बसते म्हणून तिला हलका फुगवटा येतो. मग बाजू आणि तबलीच्या कोपऱ्यात सुट्या लाकडी ठोकळ्या एकेक करून सरसाने बसवतात, त्यांचं नाव ‘तेंतेयोनेस’. फुगवट्याबरोबर प्रत्येक ठोकळी आपापली बसते, पट्टीला पीळ द्यावा लागत नाही. इथे ‘पट्टी’ शब्द चालणार नाही.

रंधा-पटाशी

बरोबर. त्यांना ‘काठठोकळ्या’ म्हणू या. सुतार अशा कोपऱ्यातल्या लाकडाला नुसतं ठोकळीच म्हणेल, पण टिपणात वेगळं दाखवायला पुढे ‘काठ’ हवा. गिटारच्या मानेपाशी आणि बुडाशी दोन मोठे ठोकळे असतात, त्यांच्यात गल्लत व्हायला नको.

ओसरी

काठपट्टी मला फार आवडला. उच्चारायला सोपा, आणि लुगड्यामुळे ऐकल्याबरोबर कडेची वस्तू डोळ्यांपुढे येते. आता दोन शंका. ‘कर्फ’ला, म्हणजे पट्टीत करवतीने दिलेल्या खाचेला, मी ‘चीर’ लिहिलं होतं, तुम्ही ‘काप’ म्हणताय. आणि पट्टीचं लाकूड ‘स्पॅनिश सिडर’ आहे, त्याला ‘स्पॅनिश देवदार’ लिहू का?

रंधा-पटाशी

चीर नको. गिटारवाला चीर म्हणाला की तबलीला तडा गेलाय असंच दुसरा समजतो, आणि त्याच्या पोटात गोळा येतो. मुद्दाम करवतीने दिलेला तो काप.

देवदार तर मुळीच लिहू नका. स्पॅनिश सिडर स्पेनचं नाही आणि सिडरही नाही. झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, कूळ कडुनिंबाचं आणि महोगनीचं. आपल्याकडे त्याचा सख्खा म्हणावा असा नातलग म्हणजे तून, ज्याचं लाकूड मिरजेचे कारागीर सतारीला वापरतात. हलकं, सरळ रेषांचं, पटाशीला गोड. काठपट्टीला ते चालेल असं मी बेलाशक सांगेन. नाव मात्र ‘स्पॅनिश सिडर’च ठेवा.

काठपदर

गोट बाहेर आणि काठपट्टी आत, ही जोडी मान्य. माझा गोट वाया गेला नाही याचा आनंद आहे.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. परिच्छेद आता असा झाला आहे, बघा:

‘बाजू साच्यात असतानाच काठपट्टी लावावी. दातेरी काठपट्टीचे काप पोटाकडे ठेवावेत. पट्टी बाजूच्या कडेपेक्षा अर्धा मिलिमीटर वर राहू द्यावी. सरस वाळल्यावर बाजू आणि काठपट्टी एकत्र घासून पाठीच्या फुगवट्याला जुळवाव्यात. पाठीला आतून लावलेल्या आडव्या पट्ट्यांची टोकं जिथे येतील तिथे काठपट्टीत पटाशीने घर करावं.’

तबलीवाला

‘घर करावं’ झकास. बसवायच्या खाचेला सुताराचाच शब्द.

रंधा-पटाशी

एक वाक्य घाला. घर करताना पटाशी कापाच्या रेषेत आली तर दाता उडतो, म्हणून आडव्या पट्टीची जागा आधी पेन्सिलीने काठपट्टीवर उतरवून घ्यावी आणि कडेच्या दोन्ही रेषा बारीक करवतीने कापून मगच पटाशी लावावी. उडालेला दाता सरसाने परत बसतो, पण तो लगेच शोधायला हवा, झाडलोट झाल्यावर मिळत नाही.