तालुक्यातल्या संस्थांना 'शाळा ते रोजगार' अनुदान? मला नाही पटत

जुना_फिटर
काल इथे एकांनी लिहिलं: नववी ते बारावीच्या पोरांना कामधंद्याशी जोडायचं तर सरकारनं तालुक्यातल्या स्वयंसेवी संस्थांचे गट करून त्यांनाच थेट अनुदान द्यावं, 'कारण शाळांना ते जमत नाही'. खाली लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस. प्रतिसाद लिहायला बसलो तो एवढा लांबला की वेगळा धागा काढतोय.

जमत नाही म्हणे! एकोणतीस वर्षं टेक्निकल शिकवलं मी. पोरगं लोखंडाचा तुकडा कानसून आणायचं, मी काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडे धरायचो. फटीतून उजेड दिसला की परत जा, कानस मार. १९८८ साली किमान कौशल्य, म्हणजे अकरावी-बारावीचं धंदेशिक्षण (एमसीव्हीसी), आलं, तेव्हा आमच्याकडून बारावी झालेली पोरं मोटार वाइंडिंगच्या दुकानात सरळ कामाला लागत. मी निवृत्त झालो, माझ्या जागेवर आजतागायत कुणी आलं नाही. नववी-दहावीला एनएसक्यूएफ, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य आराखड्यातले व्यवसाय विषय, आलं, त्याचा प्रशिक्षक एजन्सीमार्फत. गेल्या वर्षी त्याचं मानधन पाच महिने थकलं, बिचारा संध्याकाळी मोबाईल दुरुस्त करत होता. कागदावर नववी ते बारावी एकच शिडी. पण एमसीव्हीसी कौशल्य खात्याकडे आणि एनएसक्यूएफ शालेय शिक्षण खात्याकडे! शिडी मधोमध कापलेली. त्यात आता तिसरा भिडू, संस्था. आधी माझी जागा भरा, मग अनुदानं वाटा.

माळावरची
काका, जागा भरा हे शंभर टक्के मान्य. पण वर्गाच्या फाटकाबाहेर कोण जाणार? मी अशाच एका संस्थेत काम करते. आमचं निम्मं काम म्हणजे गॅरेजवाल्यांच्या टपरीत चहा पिणं. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, 'पोराचं बोट गेलं तर?' दुसरा, 'बालकामगार म्हणून मला धरतील का?' २०१६च्या दुरुस्तीपासून चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही, एवढंच त्याला ऐकून माहीत असतं. काय चालतं, काय नाही, विमा कोण काढणार, हे त्याच्यासोबत बसून ठरवावं लागतं. कोणते मुख्याध्यापक हे करतात? त्यांना शालेय पोषण आहाराच्या नोंदींतून मान वर करायला फुरसत नाही.

आणि पुणे जिल्ह्यातलं पाबळ विसरलात? कलबाग सरांनी १९८३ला तिथे पोरांना हातानं काम शिकवणारा विज्ञान आश्रम काढला तो काय खात्यानं काढून दिला? आठवड्याचा एक दिवस हातानं काम. वेल्डिंग-बांधकाम, वीज, शेती-जनावरं, घर-आरोग्य. बोर्डाची मान्यता नंतर आली.

जुना_फिटर
पाबळ येणार हे ठाऊकच होतं. अहो, तो माणूस हिंदुस्तान लिव्हरची संशोधनातली नोकरी सोडून त्या माळावर राहायला गेला. छत्तीस जिल्ह्यांना छत्तीस कलबाग देता का आणून? आमच्याकडे आलेल्या संस्थेनं पहिल्या वर्षी बॅनर लावला, दुसऱ्या वर्षी फोटो काढले, तिसऱ्या वर्षी अनुदान संपलं आणि फोनही उचलेना.

दोन_पोरींची_आई
मधेच घुसते. संस्था असो की शाळा, मुलींना ब्युटी अँड वेलनेस आणि मुलांना ऑटोमोटिव्ह हे ठरवतं कोण? माझ्या धाकटीनं ऑटोमोटिव्ह मागितलं तर सर म्हणाले, 'ओढणी पंख्यात अडकेल.' युनिफॉर्मला ओढणीच नाहीये त्यांच्या!

खडूस_बापू
मुलींचंच कशाला? माझे वडील सुतार. आठवीच्या शेवटी मास्तरांनी टेक्निकलचा फॉर्म परस्पर माझ्या हातात दिला. 'तुझ्या घरात आहेच की.' शेजारच्या बाकावर वकिलाचा मुलगा, त्याला संस्कृत. मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजाजी यांनी १९५३ला हेच केलं होतं, अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस बापाचा धंदा. लोक पेटून उठले, पुढच्याच वर्षी नवे मुख्यमंत्री कामराज यांनी ते गुंडाळलं. आपल्याकडे गुंडाळायची गरजच पडत नाही, कारण लेखी काही नसतंच.

संस्कृतप्रेमी८७
संस्कृतला मध्ये ओढायचं कारण? ते स्कोअरिंग आहे म्हणून लोक घेतात. जात कुठून आली यात?

खडूस_बापू
स्कोअरिंग आहे हे मला कुणी सांगितलं नाही. तिथूनच आली.

संस्कृतप्रेमी८७
प्रत्येक धाग्यात हेच! माझ्या वडिलांनी स्वतः हातानं घराला रंग दिलाय.

दोन_पोरींची_आई
वा! पद्मश्रीसाठी नाव पाठवू का?

माळावरची
भांडा, पण अनुदानावरही बोला जरा. बापू, तुमचा मुद्दा आमच्या बैठकीत कधी आला नाही, हे लाजत कबूल करते. आम्हीही शाळेनं दिलेली यादी तशीच घेतो.

जुना_फिटर
दोन दिवस गप्प होतो. बापू, ते फॉर्म मीही वाटले आहेत. 'घरात हत्यारं असलेली पोरं लवकर शिकतात' असं मुख्याध्यापकांना मीच सांगायचो. वाईट हेतू नव्हता. पण वकिलाच्या पोराच्या हातात मी कधी कानस दिली नाही, हे खरं.

खडूस_बापू
चला, एकोणतीस वर्षांनी का होईना. बाय द वे, कानस मला अजून छान मारता येते. चीड त्याची नाहीच.

जुना_फिटर
माळावरची, तुमच्या अनुदानाला माझा विरोध कायम. द्यायचंच तर शाळेच्या खात्यात द्या, संस्थेनं तिथून काम करून घ्यावं. पण गॅरेजवाल्यांकडे मी एकोणतीस वर्षांत एकदाही गेलो नाही, तेवढं तुमचं खरं. पोरं आपली आपण जायची. कितीजण गेलेच नसतील, देव जाणे.

तर ऐका. शाळेतला लेथ, लोखंड फिरवून कातायचं यंत्र, ताडपत्रीखाली पडून आहे. खोलीची किल्ली शिपायाकडे. त्याच्या चकची, म्हणजे लोखंड पकडणाऱ्या जबड्याची, चावी माझ्या घरी आहे, निवृत्त झालो त्या दिवशी खिशात घालून आणली, कुणी भंगारात विकू नये म्हणून. मुलं घेऊन येणार असाल तर शनिवारी मी येतो.

माळावरची
नक्की येऊ काका. फक्त आमच्या ऑडिटला शाळेचं लेखी पत्र लागेल, शिक्क्यासह.

जुना_फिटर
बघा! तुम्हीही सरकारच. आणतो शिक्का.

दोन_पोरींची_आई
माझी धाकटी येईल. ओढणीशिवाय.