तुमचा बाज्जो कोणता? (पेनल्टी सोडून बोला)

इटलीचा फुटबॉलपटू रोबेर्तो बाज्जो म्हटलं की लोकांना एकच चित्र दिसतं. पासाडेनाचं ऊन, निळा शर्ट, मानेवर ती वेणीवजा शेपटी, कमरेवर हात, खाली गेलेली मान. १७ जुलै १९९४, ब्राझीलविरुद्धची वर्ल्ड कप फायनल, चुकलेली शेवटची पेनल्टी. मला त्या चित्राचा मनापासून कंटाळा आलाय. सेरी आमध्ये (इटलीची अव्वल लीग) २०५ गोल, इटलीकडून ५६ सामन्यांत २७ गोल, १९९३ चा बॅलन डी'ऑर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान), आणि हे सगळं अठराव्या वर्षी फाटलेल्या गुडघ्यावर! तरी माणूस ओळखला जातो तो बारवरून गेलेल्या एका चेंडूमुळे.

तुम्हाला तो कुठे, कसा भेटला ते लिहा. फक्त मॅच पाहिली असेल तरी चालेल. पेनल्टीवर घसरणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

*

चहा पाजतो, पण आधी नायजेरियाचं सांगू द्या.

गिरगावातली दीड खोली. वडिलांना पहाटे उठायचं असायचं, म्हणून तो अख्खा वर्ल्ड कप मी आवाज बंद करून पाहिला. ५ जुलै, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. नायजेरिया १-० पुढे. इटलीचा झोला बदली म्हणून आला आणि बारा-तेरा मिनिटांत लाल कार्ड घेऊन परत गेला. दहा जण उरले. दोन मिनिटं बाकी असताना बाज्जोने कडेवरून असा काही जमिनीलगत चेंडू सरकवला की मी उडी मारली आणि तांब्या-भांडं लवंडलं. वडील उठले. ओरडतील असं वाटलं, तर शेजारी येऊन बसले. जादा वेळेत पेनल्टी मिळाली. ती त्याने मारली आणि आत गेली. (ही पेनल्टी चालते ना?) मग स्पेनविरुद्ध शेवटच्या मिनिटांत विजयी गोल, बल्गेरियाविरुद्ध पाच मिनिटांत दोन. वडील एकही मॅच सोडेनात.

फायनल रात्री एकला. ०-० राहून पेनल्टींवर गेली, संपेस्तोवर साडेतीन. मी रडकुंडीला आलो होतो. वडील हिशेबनीस. ते शांतपणे म्हणाले, "बारेसीची गेली, मास्सारोची अडली. ह्याने मारली असती तरी तीन-तीनच झाले असते. ब्राझीलची एक बाकीच होती की." एवढं बोलून झोपले. ही बेरीज इतक्या वर्षांत टीव्हीवर क्वचित कुणी करून दाखवली.

*

कोल्हापूर. आमच्याकडं फुटबॉल पेठेचा असतोय, घरातलं पोरगं पायात चेंडू घेऊनच वाढतंय. मी तालमीच्या संघातनं शाहू स्टेडियमवर खेळलोय. एकविसाव्या वर्षी वळताना गुडघ्यात "कट्" झालं. लिगामेंट. डॉक्टर म्हणाले, खेळायचं विसर.

एका दोस्तानं बाज्जोचं सांगितलं. ५ मे १९८५, विचेन्झा विरुद्ध रिमिनी, तिसऱ्या दर्जाची लीग. फ्लॉरेन्सच्या फिओरेन्तिना क्लबशी सौदा जवळपास ठरलेला आणि उजवा गुडघा गेला. फ्रान्सात सेंतेतियनला ऑपरेशन, २२० टाके. २२० भावा! त्या काळी दुर्बिणीतनं दोन भोकं पाडून काम व्हायचं नाही. फिओरेन्तिनानं शब्द फिरवला नाही, तरी सेरी आमधला पहिला गोल पडायला १० मे १९८७ उजाडला. समोर नापोली, त्यांना पहिल्यांदा लीग जिंकायला एक पॉइंट पाहिजे. ह्यानं फ्रीकिकवर बरोबरी केली. १-१. नापोलीबी खूश, ह्योबी खूश.

मी परत खेळलो काय? एक सीझन, बचावात, ते पण पट्टी बांधून. मजा गेली होती. पण त्याचा खेळ बघताना मला कळायचं की हा धावत का नाही, थांबून का खेळतोय. बघणाऱ्याला ती नजाकत वाटायची.

*

कोल्हापूरचे दादा, तुमच्या गोष्टीला एक शेपूट जोडते: त्या दिवशी रिमिनीचे प्रशिक्षक होते आरिगो साक्की. तेच नऊ वर्षांनी इटलीचे प्रशिक्षक.

आणि सगळ्यांना राग येईल असं लिहिते. १९९४ च्या वर्ल्ड कपात नॉर्वेविरुद्ध गोलकीपर पाल्युका लाल कार्ड घेऊन बाहेर गेला तेव्हा दुसरा गोलकीपर उतरवायला साक्कीने बाज्जोला बसवलं, हे बरोबरच होतं. दहा जणांत पळणारे पाय लागतात. इटली १-० जिंकली. बस्स.

*

मी सात वर्षं फ्लॉरेन्समध्ये राहिले, नवऱ्याची नोकरी तिथे. घरमालक सत्तरीचे, बोलायला अगदी गोड. एकदा मुलाने शाळेतून येऊन "युव्हेंतुस" (तुरीनचा क्लब) म्हटलं, तर आजोबांनी हातातली बिस्किटाची बशी मागे घेतली. गंमतीने, पण पूर्ण गंमतीने नव्हे.

मग हळूहळू सगळं कळलं. मे १९९० मध्ये युएफा कपची फायनल फिओरेन्तिना हरली, ती युव्हेंतुसकडूनच. आणि दोनच दिवसांनी क्लबने बाज्जो त्याच युव्हेंतुसला विकला, तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला. शहर रस्त्यावर उतरलं, दगडफेक, पन्नासेक जखमी. आजोबा म्हणायचे, मी नव्हतो त्यात. आजी मागून मान हलवून "होते" सांगायच्या.

पुढच्या एप्रिलमध्ये तो युव्हेंतुसच्या शर्टात फ्लॉरेन्सला खेळायला आला. पेनल्टी मिळाली आणि त्याने मारायला नकार दिला. दुसऱ्याने मारली, ती अडली. त्याला बाहेर काढलं तेव्हा जाताना कुणीतरी फेकलेला फिओरेन्तिनाचा जांभळा स्कार्फ त्याने उचलून घेतला. त्याचं म्हणणं, इथला गोलकीपर मला ओळखून आहे. आजोबांना ते कारण मान्य नव्हतं. त्यांच्या मते पोराला आपल्या घरावर दगड मारवेना.

(पेनल्टी न मारल्याचा चहा लागतो का?)

*

नागपूर. दीक्षाभूमीजवळच घर. लहानपणी मासिकात त्याचा फोटो पाहिला, दंडावर कप्तानाचा पट्टा, निळा-पिवळा-लाल. मला वाटलं, हा तर आपल्या पंचरंगी ध्वजाचा तुकडा! बाबांना दाखवला. पुढे कळलं, ते रंग सोका गाक्काई या जपानी बौद्ध संघटनेचे. कॅथलिक घरातला हा मुलगा फिओरेन्तिनात असताना, गुडघ्याच्या त्या दिवसांत, निचिरेन (जपानी परंपरेचा) बौद्ध झाला. आमचा मार्ग वेगळा, त्यांचा वेगळा, मंत्रजप आमच्याकडे तसा नाही. पण शाळेत "तुमच्यात कोण मोठा खेळाडू आहे?" असं एकाने तिरकस विचारलं होतं, तेव्हा मी बाज्जोचं नाव सांगितलं. त्याला काही बोलता येईना. मला तेवढं पुरलं.

*

मी २०१९ ला कामासाठी ब्रेशियात आठ महिने होतो. छोटं, कामसू गाव, आपल्या पिंपरी-चिंचवडच्या स्वभावाचं. ऑफिसखालचा कॉफीवाला मला भारतीय म्हणून क्रिकेटचं विचारायचा, मी त्याला बाज्जोचं.

मिलान, बोलोन्या, इंटर करून तो तेहतिसाव्या वर्षी इथे आला. इंटरमधला शेवटचा सामना म्हणजे पार्माविरुद्ध दोन गोल, आणि क्लब चॅम्पियन्स लीगच्या पात्रतेत. प्रशिक्षकाशी पटत नसताना! ब्रेशियात मात्र प्रशिक्षक कार्लो मात्सोने, जोडीला तरुण पिर्लो, पुढे ग्वार्दिओलासुद्धा. १ एप्रिल २००१ चा तुरीनमधला युव्हेंतुसविरुद्धचा गोल यूट्यूबवर बघाच. पिर्लोचा लांबून हवेत टाकलेला चेंडू पायावर घेतानाच त्याने गोलकीपरला चकवलं, दुसऱ्या स्पर्शात काम तमाम. १-१.

२००२ च्या सुरुवातीला दुसरा, डावा गुडघा गेला. अडीच महिन्यांत परतला, बदली म्हणून उतरून दोन गोल मारले. कुणाविरुद्ध? फिओरेन्तिना. तरी इटलीचे तेव्हाचे प्रशिक्षक त्रापात्तोनींनी त्याला वर्ल्ड कपला नेलं नाही. कॉफीवाला इथे आला की कप जरा जोरात ठेवायचा. चार वर्षं ब्रेशिया वरच्या लीगमध्ये टिकलं, तो निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी घसरलं. १० नंबर क्लबने त्याच्यासोबतच निवृत्त केला.

*

धागाकर्ता: हिशेब असा. गिरगावकरांचे दोन चहा. फ्लॉरेन्सच्या ताईंना माफ, आजोबांखातर. साक्कीवाल्या ताईंनी पेनल्टीचा शब्दही काढला नाही, पण त्यांच्याकडून वडापाव घ्यायचा विचार आहे. आता माझाही एक चहा लागू होतो.

११ जून १९९८, बोर्दो, इटली-चिली. चिली २-१ पुढे, शेवटची पाच मिनिटं. बाज्जोचाच चेंडू बचावपटूच्या हाताला लागला. पेनल्टी. आमच्या हॉस्टेलचा टीव्ही हॉल एकदम गप्प झाला. तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा होता, शेपटी तोवर कापलेली. मी खुर्ची सोडून दाराबाहेर गेलो. आतून आरडाओरडा झाला तेव्हा कळलं. जमिनीलगत मारली होती.

मी पाहिलीच नाही.