‘मूळ कल्पने’चे सोवळे कशासाठी?

अनवाणी:
गेल्या आठवड्यात कूपमंडूक यांनी एका प्रतिसादात लिहिले होते की, डिस्नेच्या उद्यानांत कल्पनेचा दुष्काळ पडला आहे, प्रत्येक नवी राइड ही एखाद्या चित्रपटाची जाहिरात असते आणि तिच्या रांगेत उभे राहणारे लोक ‘पैसे मोजून जाहिरात पाहणारे’ असतात. भाचीचा हात धरून फ्लोरिडातल्या ‘फ्रोझन’ चित्रपटावरच्या राइडसाठी सव्वा तास उभी राहिलेली ती मीच, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

ज्या सुवर्णकाळाचे दाखले आपण देता, तो नेमका कधी होता? १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले, त्याच दिवशी तिथे स्नो व्हाइट आणि पीटर पॅन यांच्या राइड होत्या, आणि पीटर पॅनचा चित्रपट तर जेमतेम अडीच वर्षांपूर्वी येऊन गेला होता. चालू चित्रपटाचे नाव लावून माणसे खेचणे हा आजच्या व्यवस्थापकांचा शोध नव्हे. त्या घरचा तो पहिल्या दिवसापासूनचा धंदा आहे. उलट ‘स्प्लॅश माउंटन’ पाहा. १९८९ साली उघडलेली ही राइड १९४६ च्या ज्या चित्रपटावर बेतलेली होती, तो त्यातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणामुळे कंपनीने अमेरिकेत व्हिडिओवर कधी आणलाच नाही, त्यामुळे शेवटच्या उतारावर किंचाळणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांनी तो पाहिला असेल, आणि त्यावाचून कोणाचे काही अडले नाही. माणूस राइडमध्ये बसतो तो पाणी, उंची आणि अंधार यांच्यासाठी. वर नाव कोणाचे, हे फलक रंगवणाऱ्याने पाहावे.

कूपमंडूक:
ताई, आपण माझ्या एका वाक्यावर चिडलात आणि उरलेली चार वाचलीच नाहीत. पीटर पॅनबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. १९६७ साली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ उघडली तेव्हा तिच्यामागे कोणताही चित्रपट नव्हता. चित्रपट आला २००३ मध्ये, आणि तोही राइडवरून. पुढे २००६ मध्ये त्याच चित्रपटातला जॅक स्पॅरो आणून राइडमध्ये बसवला. पूर्वी जिथे आपण एका अनोळखी बंदराची लूट अंधारात डोळे ताणून पाहत होतो, तिथे आता बोटीतले सगळे ‘तो बघ, तो बघ’ करत एका नटाचा चेहरा शोधत असतात. ओळखीचा चेहरा सापडला की माणसाचे पाहणे थांबते, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्या लाडक्या ‘फ्रोझन’चेच घ्या. तिथे, उद्यानातल्या नॉर्वेच्या दालनात, १९८८ पासून ‘मेलस्ट्रॉम’ ही राइड होती, जिच्यात वायकिंग होते, ट्रोल होते, उत्तर समुद्रातल्या वादळात उभी असलेली तेलविहीर होती, आणि मध्येच बोट उलटी मागे जात असे. २०१४ मध्ये ती बंद झाली आणि २०१६ मध्ये त्याच पाण्यात, त्याच वळणांवर ‘फ्रोझन’मधली राणी एल्सा गाऊ लागली. नॉर्वेच्या दालनातली राइड आता नकाशावर नसलेल्या राज्यात फिरवून आणते.

मी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला राहतो. पाऊण तासावर एफ्टलिंग हे उद्यान आहे, जे १९५२ पासून परीकथांवर चालते. २०१७ मध्ये त्यांनी साडेतीन कोटी युरो खर्चून ‘सिम्बोलिका’ नावाची राजवाड्याची राइड उभारली, आणि तिच्यावर ना चित्रपट आहे, ना मालिका. तिच्यातल्या विदूषकाची पुढची गोष्ट माझी मुलगी दोन महिने रोज रात्री मला सांगत होती. एल्साची पुढची गोष्ट सांगायला मात्र कंपनी बसलेली आहे.

चौथी सीट:
हिशेबाची बाजू कोणीच मांडत नाही. कोट्यवधी डॉलर ओतायचे असतात तेव्हा नाव ओळखीचे असले की संचालकांना रात्री झोप लागते. पण ती झोपही खात्रीची नसते. ‘स्टार वॉर्स’पेक्षा मोठे नाव कोणते असणार? तरीही त्या नावाचे फ्लोरिडातले हॉटेल, ज्यात दोघांना दोन रात्रींसाठी सुमारे ४,८०० डॉलर मोजावे लागत, मार्च २०२२ मध्ये उघडले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाले. याउलट डिस्नेचीच फ्लोरिडातली ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ ही यतीची, म्हणजे हिममानवाची, राइड २००६ पासून कोणत्याही चित्रपटाच्या आधाराशिवाय गर्दी खेचते आहे. पुढचे रूळ उखडलेले दिसतात आणि गाडी अंधारात मागे जाऊ लागते, तेव्हा माझ्या शेजारच्या अपरिचित गृहस्थांनी चक्क रामरक्षा सुरू केली होती. अस्सल मूळ कल्पना हवी असेल तर ती ही.

शंकेखोर:
अवांतर होईल, पण राहवत नाही. मूळ कल्पना म्हणे! ज्या भागात ती राइड आहे तिथे आनंदपूर नावाचे काल्पनिक राज्य उभारलेले आहे. पडका राजवाडा, वाघ, देवळे, पताका असे भारत, नेपाळ आणि थायलंड एकाच पातेल्यात ढवळून ते केले आहे. यती तर शेर्पांच्या कैक पिढ्यांच्या तोंडचा. एल्साला हात लावायचा तर परवानगी लागते आणि यतीला लागत नाही, फरक तेवढाच. ज्या कथेचा मालक नोटीस पाठवू शकत नाही, तिला तुम्ही लोक मूळ कल्पना म्हणता.

चौथी सीट:
आपल्याला प्रत्येक ठिकाणी चोरीच दिसते काय? ही राइड घडवणारे जो रोहडी हिमालयात हिंडून, तिथली घरे आणि देवळे पाहून आले होते. उसनी कथा म्हणजे चोरी असेल, तर आमच्या दशावताऱ्यांनी पुराणांना किती मानधन द्यावे, तेही सांगून टाका.

शंकेखोर:
दशावतार मध्ये आणलात ते बरे झाले, कारण माझे आजोळ कुडाळजवळचे आहे. रात्रभर राक्षस झालेला माणूस पहाटे आमच्या ओटीवर पेज जेवायला बसत असे, आणि संकासुराचे बोलणे कुठे चुकले ते माझी आजी त्याला तोंडावर सांगत असे. फ्लोरिडातल्या यतीला चूक सांगायला कोणत्या शेर्पा आजीने जावे? आपल्या त्या पवित्र १९५५ सालातली डिस्नेलँडची ‘जंगल क्रूझ’ ही बोटीची राइडही मूळ कल्पनाच होती, आणि तिच्यातली आदिवासींची रानटी चित्रे काढायला २०२१ साल उजाडावे लागले. कूपमंडूकराव, आपल्या एफ्टलिंगमध्ये नरभक्षकाच्या हंड्यांत बसून गोल फिरण्याची राइड होती ना? १९८८ पासून? ती कोणत्या चित्रपटावरून घेतली होती?

कूपमंडूक:
कोणत्याही नाही, आणि आपल्याला ते ठाऊक आहे म्हणूनच आपण विचारता आहात. ‘मस्यू कानिबाल’ २०२१ मध्ये बंद झाली आणि पुढच्या वर्षी तिथे सिंदबादची ‘सिरोको’ आली. मी त्या हंड्यात बसलो आहे, बसून हसलोही आहे. घ्या, मान्य केले. पण वाईट मूळ कल्पना असू शकते म्हणून उरलेल्या सगळ्या जागी एल्सा बसवावी, हे त्यातून कसे निघते, ते मला कोणी समजावून सांगितलेले नाही. आणि आजी, पेज, संकासुर हे वाचायला गोड आहे, पण धागा राइडवर आहे.

बडोदेकर:
भांडण वाचून मजा आली, एक घरचे उदाहरण देतो. खोपोलीचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले, त्यानंतर वर्षभराने आम्ही गेलो. तिथे १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’वर राइड होती आणि राजासॉरस या डायनासोरवर दुसरी. पहिलीत मी आणि सौ. टाळ्या वाजवत होतो, आणि नऊ वर्षांचा मुलगा मोगॅम्बो कोण ते विचारत होता. राजासॉरसपाशी पारडे फिरले, कारण त्या प्राण्याची हाडे आमच्या गुजरातेतल्या रैयोलीची, २००३ मध्ये त्याला नाव मिळाले, आणि हे सगळे चिरंजीवांना तोंडपाठ होते. बोटीतल्या अनोळखी माणसांनाही त्याने ते ऐकवले. आता हा राजासॉरस चित्रपटाचा नाही आणि कोणा कल्पकाच्या डोक्यातूनही निघालेला नाही. त्याला कोणत्या रकान्यात घालता?

शंकेखोर:
भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या. निदान त्यांनी खणले तरी.

अनवाणी:
नाव फलक रंगवणाऱ्याने पाहावे हे वाक्य मी मागे घेते, कारण मोगॅम्बो कोण हे विचारणाऱ्या मुलाला त्या नावाचा काडीचा उपयोग झाला नाही आणि माझ्या भाचीला एल्साचा झाला. म्हणजे नावाने फरक पडतो. तो आपल्या बाजूने पडतो की माझ्या, हे कूपमंडूक यांनी मोठ्या मनाने माझ्यावर सोडावे.

मात्र एक गोष्ट सगळेच सोयीस्करपणे गाळत आहेत. ‘एव्हरेस्ट’ उघडल्यावर काही महिन्यांतच त्या प्रचंड यतीचे हलणे बंद पडले, आणि तेव्हापासून वर्षानुवर्षे त्याच्यावर नुसते लुकलुकणारे दिवे सोडून तो हलल्याचा भास निर्माण केला जातो. एल्सा मात्र मान वळवते, हात हलवते, गाते. यती हलू लागल्याचे कळले की इथेच लिहा. त्या दिवशी मी आपल्या रांगेत उभी राहीन, भाचीला घेऊन.