पुढून खटखट, स्टिअरिंग फिरवताना 'टणण्': शॉकअपचं टॉप माउंट की आणखी काही?

मंदगती

नमस्कार. गाडी सतरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, १,४६,००० किलोमीटर झालेत. पुढे डाव्या बाजूने 'खट्' असा कोरडा आवाज येतो. मोठ्या खड्ड्यात येत नाही, हेच मला कोड्यात टाकतंय. रस्ता नुसता खडबडीत असला आणि वेग वीसच्या आत असला की एकामागून एक खट-खट सुरू होते. गाडी गार असताना जास्त.

गेल्या महिनाभरात त्यात दुसऱ्या आवाजाची भर पडली. उभ्या गाडीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं की मध्येच कुठेतरी ताणलेली तार सुटावी तसं 'टणण्' वाजतं आणि हाताला बारीक हिसका बसतो. वळण घेतल्यावर स्टिअरिंग पूर्वीसारखं आपणहून सरळही होत नाही, थोडं ओढून आणावं लागतं.

गॅरेजमध्ये आधी दोन्ही लिंक रॉड बदलून झाले, मग डावा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा हात. आवाज जिथल्या तिथे. आता स्टिअरिंग रॅक, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा, बदला म्हणतात. मला आणखी एक भाग अंदाजाने बदलायचा नाही. शेजारच्या सीटवर आई बसते. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय आणि खट् वाजलं की ती सीटची कड घट्ट धरते. ते रोज दिसतं, म्हणून हे नीट समजून घ्यायचंय.

माझ्याकडे जॅक, दोन स्टँड, सॉकेट सेट आणि टॉर्क रेंच आहे. ब्रेक पॅड, रोटर, कूलंटचे पाइप मी स्वतः बदलते. स्ट्रट मात्र कधी उतरवलेला नाही. हे वरचं माउंट असू शकेल का? काही न उघडता खात्री करता येते का? आणि घरी करण्यासारखं काम आहे का?

---

पाना-पक्कड

ताई, रॅकला तूर्त हात लावू देऊ नका. २२ वर्षं गॅरेजमध्ये काम केलंय. तुम्ही दोन आवाज वेगवेगळे लिहिलेत, पण माझ्या मते ते एकाच जागेतून येताहेत.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात, आणि तो खांब स्टिअरिंगबरोबर स्वतःच्या आसाभोवती फिरतो. १९५० च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सलमध्ये ही रचना पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आली, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. या खांबाचं वरचं टोक बॉडीला जिथे धरलेलं असतं ते टॉप माउंट. त्यात दोन भाग असतात. एक रबर, जे दणका गिळतं. दुसरं सपाट बेअरिंग, ज्यामुळे स्प्रिंग चाकाबरोबर मोकळी फिरते. तुमचं 'खट्' हे रबराचं आणि 'टणण्' हे बेअरिंगचं.

मोठ्या खड्ड्यात आवाज का नाही, तर तेव्हा भार एकाच दिशेने जोरात येतो आणि सैल झालेलं रबर दाबून धरलं जातं. बारीक खडबडीत भार सारखा वर-खाली होतो आणि ती फट दर वेळी वाजते. बेअरिंग गंजून धरलं असेल तर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगचं वरचं टोक अडकून राहतं, स्प्रिंगला पीळ पडतो आणि मग ती एकदम सुटते. तोच हिसका तुमच्या हाताला बसतो. स्टिअरिंग सरळ न येण्याचंही कारण तेच.

खात्री अशी करा. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला. बॉनेट उघडून स्ट्रटच्या डोक्यावरची प्लास्टिकची टोपी काढा. दुसऱ्या कुणाला तरी स्टिअरिंग हळूहळू फिरवायला सांगा आणि तुम्ही स्प्रिंगच्या वेटोळ्याला बाहेरून दोन बोटं टेकवा. वेटोळ्यांच्या मध्ये बोट घालायचं नाही. स्प्रिंग चाकाबरोबर सलग फिरली तर बेअरिंग ठीक. थांबून उडी मारून फिरली तर गेलं. उजवीकडेही करून बघा, म्हणजे फरक बोटांनाच कळेल.

मग तळहात माउंटवर ठेवून बॉनेटची कड दाबून गाडी डोलवा. धक्का हाताला खाली लागतो की थेट माउंटमध्ये, हे कळायला वेळ लागत नाही. शेवटी पुढची बाजू जॅकवर घ्या आणि माउंटच्या मधोमध, शॉकअपच्या दांड्यावर असलेल्या मधल्या नटखालच्या वायसरकडे बघा. चाक लोंबल्यावर थोडी फट दिसणं साधारण असतं. डावीकडची फट उजवीपेक्षा उघड जास्त असेल, रबर तडकलेलं किंवा धातूपासून सुटलेलं दिसत असेल, तर उत्तर मिळालं.

लिंक रॉड तपासताना एक चूक सगळीकडे होते. एकच चाक उचललं की स्टॅबिलायझर बारला, म्हणजे लिंक रॉडने दोन्ही बाजूंना जोडलेल्या आडव्या दांड्याला, पीळ बसतो आणि लिंकचा ढिलेपणा दिसतच नाही. दोन्ही चाकं जमिनीवर हवीत, नाहीतर दोन्ही हवेत.

---

रात्रपाळी

वरच्या दादांनी निदान अचूक सांगितलंय. मला फक्त एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती वाचल्याशिवाय कृपया काम सुरू करू नका.

मधला नट. स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय तो सोडायचा नाही.

स्ट्रट गाडीतून काढून टेबलावर ठेवला की तो निवांत पडल्यासारखा दिसतो. पण स्प्रिंग पूर्ण मोकळी झालेली नसते. खालची वाटी आणि वरचं माउंट यांच्यामध्ये ती दाबून बसवलेली असते आणि तिला अडवून धरणारी एकच वस्तू म्हणजे तो नट. मी अकरा वर्षांपूर्वी स्प्रिंग दाबून धरणारा आकड्यांचा कॉम्प्रेसर लावला, पण एका बाजूचा आकडा वेटोळ्यावर नीट बसला नव्हता. नट सुटला आणि स्प्रिंग तिरकी होऊन निसटली. माउंट समोरच्या भिंतीवर आदळलं, प्लास्टर उडालं. आकडा माझ्या उजव्या हातावर आला. मधलं बोट आजही पूर्ण मिटत नाही.

दोन्ही कॉम्प्रेसर बरोबर समोरासमोर लावा. आकड्यांच्या पिना असतील तर त्या घाला. आधी एकाला दोन फेरे, मग दुसऱ्याला दोन फेरे, असं आलटून पालटून हातानेच आवळा, इम्पॅक्ट गन नको. आट्यांना आधी ग्रीस लावा. स्प्रिंग वरच्या वाटीत हाताने हलायला लागली की पुरे, त्याहून जास्त दाबू नका. आणि स्ट्रटचं तोंड स्वतःकडे कधीही ठेवू नका. मनात थोडी जरी शंका असली तर स्ट्रट उतरवून नुसतं स्प्रिंगचं काम गॅरेजमधल्या स्टँडवरच्या कॉम्प्रेसरवर करून आणा. बाकी सगळं घरी होतं.

---

मंदगती

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी भाचीला स्टिअरिंगवर बसवलं. डावी स्प्रिंग अर्धं वळण होईपर्यंत जागची हलली नाही आणि मग बोटाखालून झटक्यात फिरली. उजवी फिरते, पण खरखर लागते. डावीकडच्या वायसरखाली माझं करंगळीचं टोक जाईल एवढी फट आहे, उजवीकडे नखाएवढी.

रात्रपाळी, तुमचा अनुभव दोनदा वाचला. स्प्रिंगचं काम मी बाहेरच करून घेणार. आता एवढंच सांगा: बेअरिंग वेगळं मिळतं की माउंटबरोबर? दोन्ही बाजू करायच्या का? शॉकअपही आत्ताच बदलावेत का?

---

पाना-पक्कड

काही गाड्यांना बेअरिंग माउंटमध्येच दाबलेलं असतं, काहींना सुटं. सुटं असेल तर दोन्ही नवीन घ्या, जुनं बेअरिंग नव्या रबराखाली ठेवू नका. बाजू दोन्ही करा. उजवी खरखरतेय म्हणजे तीही त्याच वाटेवर आहे. सोबत बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला गेला की ठोका झेलणारं रबर) आणि धूळ अडवणारं रबरही घ्या, या वयाच्या गाडीत ते हातात भुगा होऊन येतं. शॉकअपच्या दांड्यावर तेल ओघळलेलं असेल, किंवा दांडा दाबल्यावर मध्येच रिकामा जात असेल, तर आत्ताच बदला. कोरडे आणि घट्ट असतील तर राहू द्या.

उतरवताना काळजी घ्यायच्या जागा सांगतो. स्ट्रट खाली नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, दोन बोल्टांनी धरलेला असतो. सोडण्याआधी त्या जोडावर टोकदार वस्तूने खूण करा. भोकात बोल्टला थोडी मोकळीक असते आणि तेवढ्यानेही कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलतो. बऱ्याच गाड्यांत या बोल्टांच्या मानेला दाते असतात, म्हणून बोल्ट धरून ठेवायचा आणि नट फिरवायचा. उलट केलं तर भोक खराब होतं.

ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या क्लिपमधून आधी मोकळी करा. बोल्ट निघाले की नकल बाहेर कलंडतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट ओढला जातो. दोरीने नकल वर बांधून ठेवा. होजवर वजन अजिबात येऊ देऊ नका. बॉनेटखालचे तीन नट सगळ्यात शेवटी, आणि तिसरा सुटण्याआधी एक हात स्ट्रटखाली. खांब वाटतो त्याहून जड असतो.

माउंट खोलायच्या आधी फोटो काढा, सगळ्या बाजूंनी. वायसरचा क्रम, बेअरिंगची वरची बाजू कुठली, माउंटवर बाण किंवा खूण असेल तर तो कुठल्या दिशेला. बेअरिंग उलटं बसलं तर नवीन असूनही काही दिवसांत आवाज येतो. आणि मधला नट काढताना दांडा फिरू नये म्हणून त्याच्या डोक्यात एल-की घालतात. कुणी पक्कड लावायला निघालं तर थांबवा. दांड्याच्या क्रोमवर ओरखडा पडला की तो सील कापतो आणि चांगला शॉकअप गळायला लागतो.

सेल्फ लॉकिंग नट नवीनच वापरा. टॉर्कचे आकडे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलेच घ्या, दुसऱ्या गाडीचे नको.

---

मंदगती

काम झालं. उशिरा लिहितेय, कारण नकलच्या खालच्या बोल्टनेच दोन दिवस घेतले. गंजाचं तेल दोन संध्याकाळी सोडून ठेवलं, तेव्हा कुठे तो हलला.

डावं माउंट हातात आलं तेव्हा मी थक्क झाले. रबर अर्ध्या घेरात धातूच्या पत्र्यापासून पूर्ण सुटलेलं. बेअरिंग उघडल्यावर छर्ऱ्यांभोवती ग्रीस नव्हतंच, तांबडा गंजाचा चुरा होता. हाताने फिरवलं तर ठरावीक जागी खाचेत अडकत होतं. उजव्याचं रबर शाबूत, पण बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येत होती. दोन्ही शॉकअप कोरडे होते, ते ठेवले.

फोटोंनी वाचवलं. स्प्रिंगचं काम करून आणलेला डावा स्ट्रट बसवण्याआधी मोबाइलवरच्या जुन्या फोटोशी ताडून पाहिला, तर खालच्या वाटीत जी पायरी असते तिच्यापासून स्प्रिंगचं टोक दोन बोटं लांब राहिलं होतं. तसाच परत घेऊन गेले आणि नीट बसवून आणला. तसाच लावला असता तर पहिल्याच वळणाला पुन्हा 'टणण्' झालं असतं आणि मी नव्या माउंटलाच दोष दिला असता.

खूण केलेल्या रेषा जुळवून बोल्ट आवळले, तरी स्टिअरिंग थोडं डावीकडे कललेलं राहिलं. व्हील अलाइनमेंटमध्ये टो, म्हणजे वरून पाहताना चाकांच्या पुढच्या कडांचा कल, बाहेरच्या बाजूला निघाला, तो दुरुस्त केला. आता वळणावरून स्टिअरिंग आपणहून सरळ येतं. ही सवय मी विसरलेच होते, पहिल्या चौकात हात उगाच जास्त फिरवला गेला.

काल आईला घेऊन तोच खडबडीत रस्ता केला. तिने सीट धरली, पण खट् झालं नाही, मग सोडली.

एक राहिलं: नट पुन्हा तपासायचे का?

---

पाना-पक्कड

बॉनेटखालचे तीन आणि नकलचे दोन, तीनशे-चारशे किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने एकदा बघा. नवीन रबर बसतं तेव्हा वरचे थोडे सैल होऊ शकतात. मधल्या नटाला हात लावू नका, तो एकदाच आवळायचा. लोअर आर्म ज्यांनी बदलला त्यांना एवढं विचारा, की बुशचे, म्हणजे आर्मच्या टोकाच्या रबरी सांध्याचे, बोल्ट गाडी जमिनीवर असताना आवळले होते का. चाक लोंबत असताना आवळले असतील तर बुशच्या रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. तसं असेल तर सैल करून, गाडीचं वजन चाकांवर घेऊन परत आवळून घ्या. नट तपासाल त्याच दिवशी हेही होऊन जाईल.